बर्फाचा आवाज कुणी बनवला?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलताना अर्धवट राहिलेली वाक्यं इथे पुरी केलीत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

तर विषय असा. तुमच्या फोनवर आत्ता ‘ब्लिझर्ड साउंड्स’ किंवा ‘विंटर अँबियंट’ असं शोधलंत, तर आठ-आठ, दहा-दहा तासांचे व्हिडिओ समोर येतील. मे महिन्यात पंखा पाचवर ठेवून कानात हिमवादळ लावून झोपणारी माणसं मला माहीत आहेत. मीही त्यातलाच. गंमत म्हणजे यातल्या बहुतेकांनी बर्फ पाहिलाय तो फ्रीजमध्ये, नाहीतर रसाच्या गाड्यावर. तरीही तो संथ, खोल, तालाशिवायचा, लांबवर घुमत जाणारा आवाज कानावर पडला की आपण लगेच म्हणतो, ‘थंडी’. हुरडा नाही, शेकोटी नाही, तरी थंडीच. हे आपल्याला कुणी शिकवलं? थंडीचा आवाज असाच असतो, हे कुठे ठरलं?

मला याचा माग काढावासा वाटला, आणि त्यातून जे हाती आलं ते थोडं अडचणीचं आहे. या संगीतातला निम्मा हिवाळा अशा लोकांनी रचलाय जे तिथे कधी राहिलेच नाहीत.

आधी थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ताजा, भुसभुशीत बर्फ म्हणजे मुख्यतः हवा. बर्फाच्या कणांमध्ये असंख्य पोकळ्या असतात आणि आवाज त्या पोकळ्यांत शिरून जिरतो. आपण स्टुडिओच्या भिंतीला फोम लावतो ना, तसंच. म्हणून बर्फ पडून गेल्यावर सगळं एकदम शांत झाल्यासारखं वाटतं. तीक्ष्ण, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात आणि प्रतिध्वनी तर जवळपास संपतोच. पुढे तोच बर्फ कडक झाला, वर कवच धरलं, की आवाज पुन्हा परावर्तित व्हायला लागतो.

आता तुमच्या प्लेलिस्टमधला ‘बर्फाळ’ ट्रॅक आठवा. त्यात काय असतं? भलामोठा रिव्हर्ब! कुणीतरी चर्चच्या घुमटाखाली बसून वाजवतंय असं. म्हणजे ताज्या बर्फात जे नसतंच, तेच आपण बर्फाची खूण म्हणून ऐकतो. वरच्या पट्ट्या कापणं हे खऱ्याला धरून आहे, पण घुमणं हे कल्पनेतलं. त्या घुमण्यातून आपल्याला रिकामेपणा ऐकू येतो, आणि खरी गोम तिथेच आहे.

हा रिकामेपणा आला कुठून? एक धागा सिनेमातून येतो. १९४८ साली ‘स्कॉट ऑफ द अंटार्क्टिक’ हा ब्रिटिश चित्रपट आला. दक्षिण ध्रुवावर पोचून परतताना १९१२ साली मरण पावलेल्या रॉबर्ट स्कॉट आणि साथीदारांची गोष्ट. संगीत दिलं राल्फ वॉन विल्यम्स यांनी. तेव्हा ते पंचाहत्तरीला आलेले, अंटार्क्टिका कधीच न पाहिलेले. त्यांनी वाद्यवृंदात विंड मशीन घेतलं. म्हणजे काय, तर कापडाखाली फिरणारं एक पिंप. हँडल फिरवलं की वाऱ्यासारखा सूं-सूं आवाज येतो. नाटकवाल्यांची जुनी युक्ती. त्याच्या जोडीला बायकांचे आवाज, पण शब्दांशिवाय, नुसता स्वर. याच सामग्रीतून त्यांनी पुढे सातवी सिंफनी रचली, ‘सिन्फोनिया अंटार्क्टिका’. पहिला प्रयोग जानेवारी १९५३मध्ये मँचेस्टरला झाला.

वारा आणि शब्दांशिवायचा बाईचा आवाज, ही जोडी लक्षात ठेवा.

१९७२. न्यूयॉर्क. वेंडी कार्लोस हे नाव तोवर गाजलेलं होतं, कारण १९६८च्या ‘स्विच्ड-ऑन बाख’ने मूग सिंथेसायझर घराघरात पोचवला होता. आता तिने काढला ‘सॉनिक सीझनिंग्ज’ नावाचा डबल अल्बम. चार बाजू, चार ऋतू. शेवटची बाजू हिवाळा. त्यात काय आहे? सिंथेसायझर, वारा, लांडग्यांचं केकाटणं, आणि रेचेल एल्किंडचा शब्दांशिवायचा आवाज. पुन्हा तीच जोडी! मी असं म्हणत नाही की कार्लोसने वॉन विल्यम्सवरून उचललं. पण थंडी म्हटलं की माणूस नाहीसा करायचा आणि त्याच्या जागी एक भुतासारखा आवाज ठेवायचा, ही सवय तोवर पक्की झालेली दिसते. पुढे याच दोघींनी कुब्रिकच्या ‘द शायनिंग’साठी काम केलं, आणि बर्फात अडकलेल्या हॉटेलची भीती जगाच्या कानात बसली.

एक लक्षात घ्या, ‘अँबियंट’ हा शब्द या प्रकाराला अजून चिकटलेलाच नव्हता. ते काम ब्रायन ईनोचं. त्याच्या १९७८च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’पासून हे नाव चाललं. ईनोवर मी वेगळा एपिसोड करीन, इथे थांबत नाही.

थांबायचंय ते थॉमस क्योनर या जर्मन माणसापाशी. जन्म १९६५, बोखुम. म्हणजे कोळसा-पोलादाचा रुअर भाग. १९९० ते १९९३ या काळात त्याने तीन अल्बम काढले, ‘नुनाटाक गोंगामुर’, ‘तेइमो’ आणि ‘पर्माफ्रॉस्ट’. नुनाटाक म्हणजे हिमनदीतून वर डोकावणारा डोंगराचा सुळका. मुख्य वाद्य एकच, गाँग. आपल्याकडे देवळात आरतीच्या वेळी जाड काशाची तास वाजवतात ना, त्याच कुळातलं. पण क्योनर ती ठोकत नाही. तो ती घासतो, कुरवाळतो, तिचा आघात कापून टाकतो आणि उरलेला गुंजारव इतका खाली नेतो की फोनच्या स्पीकरवर बऱ्याचदा काही ऐकूच येत नाही. म्हणूनच सुरुवातीला हेडफोन म्हटलं असतं, पण वाचणाऱ्यांना काय सांगणार! ‘पर्माफ्रॉस्ट’मधल्या ट्रॅकची नावं बघा: ‘नीव्हाल’, ‘सेराक’, ‘फिर्न’. सगळे हिमनदीशास्त्रातले शब्द. फिर्न म्हणजे वर्षभर न वितळता दाबला गेलेला, अजून पुरता घट्ट न झालेला जुना बर्फ.

मला हा अल्बम फार आवडतो. खोटं कशाला बोलू, भीतीही वाटते. पण यात माणूस कुठेच नाही, प्राणी नाही, गवत नाही. ‘थंडी म्हणजे शून्य’ ही कल्पना इथे टोकाला पोचते. आणि पुढे डार्क अँबियंटवाल्या शेकडो मंडळींनी हेच सूत्र धरलं. काळं-पांढरं कव्हर, ओसाड पठार, संपलं.

आता जरा नकाशावर उत्तरेला सरकू. नॉर्वे, ट्रोम्सो. ध्रुववृत्ताच्याही उत्तरेला साडेतीनशे किलोमीटर. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही. हे ऐकून वाटेल, हाच तो शून्याचा गाव. पण अटलांटिकच्या गरम प्रवाहामुळे इथलं बंदर गोठत नाही. जानेवारीचं सरासरी तापमान उणे तीन-चार. लेहमधली जानेवारीची रात्र याहून कितीतरी गार असते. शहरात विद्यापीठ आहे, बार आहेत, ऐन अंधारात जानेवारीत भरणारा चित्रपट महोत्सव आहे. ‘रॉयक्सॉप’ ही जोडी ऐकली असेल तुम्ही, ते दोघे इथलेच.

आणि इथलाच गेइर येन्सन. जन्म १९६२. आधी ‘बेल कांतो’ या बँडमध्ये, मग एकट्याने, ‘बायोस्फिअर’ या नावाने. ॲरिझोनाच्या वाळवंटात काचेखाली बंदिस्त जग उभारण्याचा ‘बायोस्फिअर २’ नावाचा प्रकल्प होता, त्यावरून हे नाव. १९९५मध्ये त्याचा एक ट्रॅक जीन्सच्या मोठ्या जाहिरातीत वाजला. दुसरा कुणी असता तर तसेच आणखी दहा ट्रॅक काढून मोकळा झाला असता. येन्सनने उलट ताल जवळपास काढूनच टाकला आणि १९९७मध्ये ‘सबस्ट्राटा’ आणला.

अँबियंटची कुठलीही मोठी यादी घ्या, ‘सबस्ट्राटा’ त्यात असतोच. आणि त्याच्याविषयी लिहिताना ‘आर्क्टिक’, ‘गोठलेलं’, ‘निर्मनुष्य’ हे शब्दही असतातच. मीही बरीच वर्षं तो असाच ऐकत होतो. मग एकदा ट्रॅकची नावं नीट वाचली. ‘पोआ अल्पिना’: हे डोंगरी गवत आहे. ‘कोब्रेसिया’: हिमालयात, तिबेटच्या पठारावर याक चरतात ती लव्हाळ्यासारखी वनस्पती. ‘अँटेनारिया’, ‘सिलिनी’: पहाडातली छोटी फुलझाडं. ‘उवा-उर्सी’: जमिनीसरपट वाढणारं, लाल फळांचं झुडूप. आणि ‘चुखुंग’? नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या भागात, खुंबू खोऱ्यात, त्या नावाचं गाव आहे.

म्हणजे बघा, ज्या अल्बमला आपण निर्जीव बर्फाची मूर्ती समजत होतो, त्याची निम्मी नावं बर्फाखाली तग धरणाऱ्या झाडापाल्याची आहेत. ‘सबस्ट्राटा’ म्हणजे खालचे थर, हे तर त्याने कव्हरवरच लिहून ठेवलं होतं. एका ट्रॅकमध्ये रशियन बोलणं आहे, एकात ‘ट्विन पीक्स’ या मालिकेतला संवाद. रिकामं काहीच नाही त्यात. रिकामेपण आपण आणलं.

त्याआधीचं एक उदाहरण याहून बोलकं आहे. ‘पोलर सीक्वेन्सेस’. ‘हायर इंटेलिजन्स एजन्सी’ या ब्रिटिश कलाकाराबरोबर येन्सनने ट्रोम्सोमध्येच केलेला हा लाइव्ह कार्यक्रम १९९६मध्ये अल्बम म्हणून आला. आवाज सगळे परिसरातून गोळा केलेले. बर्फ, पाणी, आणि हो, डोंगरावर जाणाऱ्या रोपवेची यंत्रं! तिथे राहणाऱ्या माणसाला हिवाळा म्हणजे काय ऐकू येतं? रोपवे. आपल्याला पावसाळा म्हणजे नुसता मल्हार ऐकू येतो का? पत्र्यावरची तडतड, लोकल लेट असल्याची घोषणा, ओल्या रेनकोटची सरसर, हेही येतंच ना. बाहेरच्याने मुंबईच्या पावसावर अल्बम काढला तर कदाचित घोषणा गाळेल. घरचा माणूस गाळणार नाही.

इथे ग्लेन गूल्ड आठवल्याशिवाय राहत नाही. कॅनडाचा पियानोवादक, बाख वाजवणारा. १९६७च्या डिसेंबरात त्याने सीबीसी रेडिओसाठी ‘द आयडिया ऑफ नॉर्थ’ केलं. उत्तरेत काम केलेल्या पाच माणसांच्या मुलाखती, पण एकापाठोपाठ नाहीत. आवाज एकमेकांवर चढतात, फ्यूगमधल्या सुरांसारखे, आणि खाली सतत आगगाडीची धडधड. आजच्या पॉडकास्टवाल्यांनी हे एकदा तरी ऐकावं. एडिटिंगची एवढी हिंमत आपल्यात नाही, माझ्यात तर नाहीच. पण त्या पाचांमध्ये एकही इनुइट आवाज नाही. उत्तरेची कल्पना आहे, उत्तरेचे लोक नाहीत. शीर्षक तेवढं प्रामाणिक.

ट्रोम्सोच्या आसपासचा सगळा मुलूख सामी लोकांचा. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या कोला द्वीपकल्पात पसरलेला हा मूळनिवासी समाज. त्यांच्या गाण्याला योइक म्हणतात. योइक एखाद्या माणसा‘विषयी’ किंवा डोंगरा‘विषयी’ नसतो, तो त्या माणसाचा, त्या डोंगराचाच असतो, असं सामी लोक सांगतात. मिशनऱ्यांनी त्याला पाप ठरवलं, कित्येक शाळांमधून तो हद्दपार झाला. १९६८मध्ये निल्स-अस्लाक वाल्केआपा या तरुणाने ‘योइकुया’ ही रेकॉर्ड काढली, आणि योइक पुन्हा चारचौघांत उभा राहिला. १९९४च्या लिलेहामर हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात योइक गायला तो हाच.

पण आपल्या विषयासाठी त्याचं वेगळंच काम महत्त्वाचं: ‘गोआसे दुश्शे’, म्हणजे पक्ष्यांची सिंफनी. उत्तरेतल्या पक्ष्यांचे आणि निसर्गाचे आवाज जोडून केलेली दीर्घ रचना. १९९३मध्ये प्री इतालिया या रेडिओ-पुरस्कारांत तिचा गौरव झाला. साल बघा, क्योनरचा ‘पर्माफ्रॉस्ट’ त्याच वर्षीचा. एकाच वर्षी दोन उत्तरा. एक निर्जन, दुसरी पक्ष्यांनी गजबजलेली. अँबियंटच्या याद्यांमध्ये कुठली गेली हे सांगायला नकोच. माझ्या मते ही नुसती आवडीनिवडीची गोष्ट नाही. एखादा प्रदेश रिकामा आहे असं सगळ्यांच्या कानावर बसलं, की तिथे खाण खणायला, पाइपलाइन टाकायला, पवनचक्क्या उभ्या करायला कुणाची परवानगी घ्यावी असं वाटत नाही. सामी लोकांची रेनडिअरच्या कुरणांवरून चाललेली भांडणं आजही कोर्टात आहेत.

बाहेरून आलेला प्रत्येकजण रिकामेपणच ऐकतो, असंही नाही. जॉन लूथर ॲडम्सचा जन्म मिसिसिपीतला, १९५३चा. सत्तरच्या दशकात तो अलास्कात गेला तो पर्यावरणाच्या चळवळीसाठी, आणि पुढे जवळपास चाळीस वर्षं तिथेच रमला. फेअरबँक्सच्या वाद्यवृंदात टिंपनी वाजवायची, उरलेल्या वेळात रचना करायची. फेअरबँक्सच्या म्युझियम ऑफ द नॉर्थमध्ये २००६पासून त्याची एक खोली आहे: ‘द प्लेस व्हेअर यू गो टू लिसन’. हे नाव इन्युपियाक भाषेतल्या ‘नालागिआग्विक’ या खऱ्या स्थलनामाचा अनुवाद आहे, अलास्काच्या आर्क्टिक किनाऱ्यावरच्या जागेचा. खोलीत रेकॉर्ड केलेलं काही वाजत नाही. सूर्य-चंद्राची स्थिती, भूकंपमापक, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ, हा सगळा चालू डेटा संगणकात येतो आणि त्याचा आवाज होतो. जमीन हलली की खर्ज गुरगुरतो. आकाशात ध्रुवीय प्रकाश खेळायला लागला की छतातून घंटांसारखे सूर उतरतात. दिवस-रात्र सतत बदलणारं, दहा तासांत न संपणारं.

पुढचा टप्पा मायक्रोफोनवाल्यांचा. यात सिंथेसायझरही गेला. क्रिस वॉटसन, आधी ‘कॅबरे व्हॉल्टेअर’ या बँडचा, मग ॲटनबरोंच्या माहितीपटांसाठी आवाज टिपणारा. त्याच्या २००३च्या ‘वेदर रिपोर्ट’मध्ये अठरा मिनिटांचा ‘वात्नायोकुल’ आहे. आइसलंडच्या सगळ्यात मोठ्या हिमनगरीतून बर्फ हजारो वर्षं सरकत समुद्राला मिळतो, तो प्रवास अठरा मिनिटांत. आणि मंडळी, हा बर्फ गप्प नाही! तो कण्हतो, करकरतो, फुटतो. गोठलेल्या तळ्यावर तर ‘प्यूऽऽ’ असा लेझर बंदुकीसारखा आवाज येतो. कारण बर्फाच्या पातळ थरातून वरच्या पट्टीची कंपनं खालच्यांपेक्षा वेगाने धावतात. आधी तीक्ष्ण पोचतं, मग खर्ज. ‘स्टार वॉर्स’मधल्या बंदुकांचा आवाज टॉवरच्या ताणलेल्या तारेवर हातोडी मारून केला होता, तिथेही हेच तत्त्व.

नॉर्वेची याना विंडरेन तर माइक पाण्याखाली सोडते. बारेंट्स समुद्र, ग्रीनलंड, नॉर्वे. तिच्या २०१०च्या ‘एनर्जी फील्ड’मध्ये मासे आहेत, कवचधारी जीव आहेत, हिमनदीच्या भेगा आहेत. बर्फ वितळताना त्यात शेकडो-हजारो वर्षांपूर्वी दाबून बसलेले हवेचे बुडबुडे फटफट फुटतात. जिथे हिमनदी थेट समुद्रात उतरते अशा खाड्या या जगातल्या सगळ्यात गोंगाटी सागरी जागांपैकी आहेत, असं संशोधकांनी मोजलंय. नॉर्वेच्याच स्वालबार बेटांवर, अशाच एका खाडीकाठी, २००८पासून भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र आहे. ते सांभाळणारी संस्था कुठे? आपल्या शेजारी, गोव्यात, वास्कोला.

आणि आता फोनवाल्यांसाठी माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. २००७ साली केटी पॅटरसन या स्कॉटिश कलाकाराने आइसलंडच्या योकुलसारलोन सरोवरात पाण्याखाली माइक सोडला आणि तो मोबाइलला जोडला. वात्नायोकुल वितळून जिथे साठतं ते हे सरोवर. गॅलरीत काय ठेवलं? निऑनमध्ये लिहिलेला एक फोन नंबर. जगातून कुणीही तो फिरवायचा, पलीकडून हिमनदी उचलणार. हॅलो नाही, काही नाही, नुसतं थेंब-थेंब वितळणं, त्याच क्षणाचं. त्याच वर्षी तिने तीन हिमनद्यांचे आवाज रेकॉर्ड केले, त्यांच्याच वितळलेल्या पाण्याचा पुन्हा बर्फ करून तीन तबकड्या बनवल्या, आणि तीन टर्नटेबलवर एकाच वेळी लावल्या. सुई फिरत राहिली, आवाज घासत, अडखळत गेला. दोनेक तासांनी तबकड्यांचं पाणी झालं.

तो नंबर आता लागत नाही. करून बघू नका, आयएसडीचे पैसे जातील.

ऐकायचंच असेल तर माझी यादी छोटी आहे. आधी ‘चुखुंग’. मग वॉटसनचा ‘वात्नायोकुल’, लोकलमध्ये नको, रात्री, चांगल्या हेडफोनवर. त्यानंतर वाल्केआपाचे पक्षी शोधा, थोडी खटपट पडेल. आणि येन्सन आवडलाच तर त्याचं एक वेगळं रेकॉर्डिंगही आहे. २००१मध्ये हा गडी ८२०१ मीटर उंचीच्या चो ओयू शिखरावर कृत्रिम ऑक्सिजनशिवाय गेला होता, रेकॉर्डर सोबत घेऊन. ते आवाज २००६मध्ये त्याने स्वतःच्या खऱ्या नावाने काढले.

पुढच्या एपिसोडमध्ये ईनो. तोवर भेटू, काळजी घ्या.